हायड्रोजन साठवायचा कशात? : चेन्नईतील कार्बनी पदार्थांवरील संशोधनाचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

हायड्रोजन इंधन म्हणून वापरण्यातील खरी अडचण त्याच्या ज्वलनात नाही, साठवणुकीत आहे. एक किलो हायड्रोजनपासून सुमारे १२० मेगाज्यूल ऊर्जा मिळते, म्हणजे तेवढ्याच वजनाच्या पेट्रोलच्या जवळजवळ पावणेतीन पट. परंतु हाच एक किलो वायू नेहमीच्या तापमानाला आणि दाबाला ११ ते १२ घनमीटर जागा व्यापतो, आणि एवढ्या आकारमानाची टाकी कोणत्याही वाहनावर बसवता येत नाही. वायू ७०० बार दाबाखाली, म्हणजे वातावरणाच्या सुमारे ७०० पट दाबाखाली भरला, तर एका लिटरमध्ये जेमतेम ४० ग्रॅम हायड्रोजन मावतो आणि त्या लिटरमधील ऊर्जा एक लिटर पेट्रोलमधील ऊर्जेच्या सुमारे सातव्या हिश्शाइतकी भरते. उणे २५३ अंश सेल्सियसपर्यंत थंड करून त्याचा द्रव केल्यास घनता ७१ ग्रॅमपर्यंत वाढते, पण साठवलेल्या ऊर्जेचा जवळजवळ तिसरा हिस्सा थंड करण्याच्या प्रक्रियेतच खर्ची पडतो.

दाब आणि शीतकरण या दोन मार्गांखेरीज तिसराही एक मार्ग सुचवला गेला. एखाद्या घन किंवा द्रव पदार्थाने हायड्रोजन स्वतःमध्ये धरून ठेवावा आणि गरज पडेल तेव्हा सोडावा, ही त्यामागची कल्पना होती. असा पदार्थ हलका हवा, स्वस्त हवा, साध्या तापमानाला काम करणारा हवा आणि हजारो वेळा भरता व रिकामा करता येणारा हवा. या अटी मांडताच रसायनशास्त्रज्ञांची नजर कार्बनकडे वळणे स्वाभाविक होते, कारण कार्बन हलका आहे, विपुल आहे आणि सेंद्रिय पदार्थ जाळून, भाजून किंवा विघटित करून हव्या त्या रूपात मिळवता येतो. भारतात या दिशेने जे सातत्यपूर्ण काम झाले त्याचे एक मुख्य केंद्र चेन्नई हे आहे. आयआयटी मद्रासमधील रसायनशास्त्रज्ञ बालसुब्रमण्यन विश्वनाथन यांची दीर्घ संशोधन-कारकीर्द या कामाच्या मध्यभागी येते. त्यामुळे पुढील आढाव्यात त्या कारकिर्दीचा धागा धरून संपूर्ण वादाचा मागोवा घेतला आहे.

चेन्नईतील पार्श्वभूमी

तत्कालीन पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने १९५९ साली आयआयटी मद्रासची स्थापना झाली आणि तिच्या रसायनशास्त्र विभागात आरंभापासूनच उत्प्रेरणाला महत्त्वाचे स्थान मिळाले. उत्प्रेरक म्हणजे रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारा, पण क्रियेच्या अखेरीस स्वतः खर्च न होणारा पदार्थ. विभागाच्या सुरुवातीच्या काळातील ज्येष्ठ प्राध्यापक एम. व्ही. सी. शास्त्री यांच्या कामाचा रोख पृष्ठभागांवर वायू कसे चिकटतात आणि कसे तुटतात या प्रश्नाकडे होता. विश्वनाथन यांची जडणघडण याच परंपरेत झाली. शहराच्या उत्तरेला मनली येथे १९६९ साली तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला आणि पुढे तेथेच खतांचा कारखानाही आला. शुद्धीकरण कारखान्यात डिझेलमधील गंधक काढण्यासाठी आणि खत कारखान्यात अमोनिया बनवण्यासाठी हायड्रोजन लागतो. इंधन म्हणून हायड्रोजनची चर्चा सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून या शहरात त्याचा औद्योगिक वापर होत होता, तो या कारणाने.

गंधक काढण्याच्या प्रक्रियेत कोबाल्ट आणि मॉलिब्डेनम यांच्या सल्फाइडांचा उत्प्रेरक वापरतात. हायड्रोजनचा रेणू या उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर तुटतो, सुटे झालेले अणू तेलातील गंधकाशी जोडले जातात आणि गंधक हायड्रोजन सल्फाइडच्या रूपाने बाहेर पडते. १ एप्रिल २०२० पासून भारतात लागू झालेल्या बीएस-सहा मानकांनुसार डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्षात १० भागांवर आणले गेले, ते याच रसायनाच्या बळावर. विश्वनाथन यांच्या संशोधनाचा एक भाग अशा उत्प्रेरकांवर आहे. पुढे ते हायड्रोजन साठवणुकीकडे आणि इंधनापासून थेट वीज देणाऱ्या इंधनघटांकडे वळले तेव्हा वरवर पाहता विषय बदलला, मूळ प्रश्न मात्र तोच राहिला. हायड्रोजनच्या रेणूतील बंध तोडण्यासाठी दर मोलला ४३६ किलोज्यूल ऊर्जा लागते. हा बंध एखाद्या पृष्ठभागावर किती सहजपणे सैल होईल, सुटलेला अणू तेथे किती घट्ट बसेल आणि पुन्हा सुटताना किती उष्णता मागेल, या तीन गोष्टींवर गंधक काढण्याची प्रक्रिया, साठवणूक आणि इंधनघट ही तिन्ही क्षेत्रे उभी आहेत. या कारकिर्दीतील विषयांचा विस्तार पाहून ती विखुरलेली वाटण्याचा संभव आहे. हे सूत्र ध्यानात घेतले की तिची एकसंधता स्पष्ट होते.

या परंपरेला संस्थात्मक रूप २००६ साली मिळाले. केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने आयआयटी मद्रासमध्ये राष्ट्रीय उत्प्रेरण संशोधन केंद्र उभे राहिले आणि त्याच्या उभारणीची धुरा विश्वनाथन यांनी वाहिली. त्याच वर्षी ऑलिस सिबियो यांच्यासह त्यांनी लिहिलेला इंधनघटांवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याआधी १९९८ साली शास्त्री, विश्वनाथन आणि यंत्र अभियांत्रिकी विभागातील एस. श्रीनिवास मूर्ती या तिघांनी धातूंच्या हायड्राइडांवरील, म्हणजे धातू आणि हायड्रोजन यांच्या संयुगांवरील, ग्रंथाचे संपादन केले होते. एका रसायनशास्त्रीय प्रश्नावर अभियंते आणि रसायनशास्त्रज्ञ एकत्र आल्याची ही नोंद महत्त्वाची आहे, कारण साठवणुकीच्या वादात पुढे जे अडथळे आले त्यांतील अनेक या दोन शाखांच्या सीमेवरचे होते.

नॅनोनलिकांचा दावा आणि त्याची तपासणी

कार्बन आणि हायड्रोजन यांच्या संबंधाला जागतिक प्रसिद्धी मिळाली ती १९९७ साली. अमेरिकेतील राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेतील संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात असे प्रतिपादन केले की, कार्बनच्या एकपदरी नॅनोनलिका, म्हणजे कार्बन अणूंचा एकच थर गुंडाळून बनलेल्या अतिसूक्ष्म नळ्या, आपल्या वजनाच्या ५ ते १० टक्के हायड्रोजन धरू शकतील. हा आकडा थेट मोजलेला नव्हता. ज्या नमुन्यात नॅनोनलिकांचा अंश फारच अल्प होता त्यावरील मोजमापांवरून तो अनुमानाने काढला होता. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका अमेरिकी गटाने ग्रॅफाइटच्या नॅनोतंतूंमध्ये ६७ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन मावतो असे जाहीर केले, आणि १९९९ साली सिंगापूरच्या संशोधकांनी लिथियम मिसळलेल्या नॅनोनलिकांसाठी २० टक्क्यांचा आकडा ‘सायन्स’मध्ये मांडला. मोटारीसाठी ६ टक्के पुरेसे मानले जात होते, हे लक्षात घेता या आकड्यांनी जगभरातील प्रयोगशाळा या विषयाकडे का खेचल्या गेल्या, हे समजणे अवघड नाही.

त्यानंतरची चार-पाच वर्षे मुख्यतः पडताळणीची ठरली. लिथियम मिसळलेल्या नमुन्यात वजन वाढले होते, पण ती वाढ बव्हंशी वायूतील ओलाव्यामुळे झाली होती, हे मिशिगन विद्यापीठातील राल्फ यांग यांनी २००० साली दाखवून दिले. नॅनोनलिका शुद्ध करताना वापरलेल्या ध्वनिकंपन यंत्राच्या टोकाची टायटॅनियम मिश्रधातू झिजून नमुन्यात मिसळली होती आणि हायड्रोजन प्रत्यक्षात तीच धरत होती, असे जर्मनीतील मायकेल हिर्शर यांच्या गटाने सिद्ध केले. ६७ टक्क्यांचा आकडा कोणालाही पुन्हा मिळाला नाही. अखेर २००६ साली अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने शुद्ध, म्हणजे अन्य मूलद्रव्य न मिसळलेल्या, एकपदरी नॅनोनलिकांवरील वाहन-साठवणुकीचे उपयोजित संशोधन थांबवण्याचा निर्णय घेतला.

एवढ्या मोठ्या चुका कशा होऊ शकल्या, याचे उत्तर मोजमापाच्या पद्धतीत आहे. ठराविक आकारमानाच्या बंद पात्रात नमुना ठेवून वायू सोडायचा आणि दाब किती उतरतो त्यावरून शोषलेला हायड्रोजन काढायचा, ही सर्वांत रूढ पद्धत होय. नमुना १०० मिलिग्रॅम आहे आणि त्याभोवतीची मोकळी जागा १० मिलिलिटर आहे असे मानले, तर ८० बार दाबाला त्या मोकळ्या जागेतच सुमारे ६० मिलिग्रॅम हायड्रोजन असतो. नमुन्याने वजनाच्या १ टक्का हायड्रोजन शोषला असेल तर तो केवळ १ मिलिग्रॅम भरतो. अशा वेळी तापमानाच्या मोजणीत एका अंशाची चूक झाली, तरी निष्कर्षात सुमारे ०.२ टक्क्याची खोटी भर पडते, आणि जोडणीतून एक टक्का वायू गळाला तर ०.६ टक्क्याची. नमुना लहान, दाब मोठा आणि अपेक्षा त्याहून मोठी, या तिहेरी संयोगातून फुगलेले आकडे निर्माण झाले; कोणाच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचे त्यात कारण नाही.

याच काळात सैद्धांतिक मर्यादाही स्पष्ट झाली. कार्बनच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे रेणू केवळ दुर्बळ आकर्षणाने चिकटतात; या क्रियेला अधिशोषण म्हणतात. द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, म्हणजे उणे १९६ अंशाला, दर ग्रॅम ५०० चौरस मीटर पृष्ठभागामागे सुमारे १ टक्का हायड्रोजन बसतो, असा अनुभवजन्य नियम आहे. ग्रॅफीनच्या, म्हणजे कार्बन अणूंच्या एकेरी थराच्या, दोन्ही बाजू धरल्या तर कार्बनचा पृष्ठभाग दर ग्रॅमला २६३० चौरस मीटर भरतो, म्हणजे अतिशीत अवस्थेतही मर्यादा ५ टक्क्यांच्या आसपास येते. खोलीच्या तापमानाला हा आकडा १ टक्क्याच्याही खाली घसरतो, कारण कार्बन आणि हायड्रोजन यांच्यातील आकर्षणाची ऊर्जा दर मोलला ६ किलोज्यूलच्या आसपासच असते. साध्या तापमानाला भरणे आणि सोडणे दोन्ही सुलभ व्हायचे तर ती १५ किलोज्यूलच्या सुमारास हवी, असे भाटिया आणि मायर्स यांनी २००६ साली गणिताने दाखवले. याउलट धातूंच्या हायड्राइडांत बंध याहून बराच घट्ट असतो. हवी असलेली पकड या दोन टोकांच्या मधोमध आहे, आणि निसर्गतः तशी पकड देणारे पदार्थ विरळा आहेत.

विजातीय अणूंची भूमिका

चेन्नईतील कामाचे वेगळेपण या टप्प्यावर दिसते. अमेरिकी निर्णयाने शुद्ध नॅनोनलिकांचे दार बंद केले होते. कार्बनच्या जाळीत अन्य अणू बसवले तर काय घडेल, हा प्रश्न मोकळाच राहिला होता. विश्वनाथन आणि त्यांचे विद्यार्थी एम. शंकरन यांनी २००६ साली ‘कार्बन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधात नेमका हा प्रश्न घेतला. कार्बनच्या जागी नायट्रोजन, फॉस्फरस, गंधक किंवा बोरॉन यांचा अणू बसवल्यास हायड्रोजनचा रेणू तेथे सक्रिय होण्यासाठी लागणारी ऊर्जा किती बदलते, याचे त्यांनी प्रथम पुंज-यामिकीच्या आधारे गणन केले आणि नंतर तसे पदार्थ तयार करून पाहिले. अशा परक्या अणूंना येथे विजातीय अणू म्हटले आहे. बोरॉनकडे कार्बनपेक्षा एक इलेक्ट्रॉन कमी असतो, नायट्रोजनकडे एक अधिक असतो. जाळीतील इलेक्ट्रॉनांची ही कमी-अधिक वाटणी हायड्रोजनचा बंध सैल करण्यास मदत करील, असा त्यामागचा तर्क होता. अणू कोणता, एवढ्यावरच परिणाम ठरत नाही, दोन विजातीय अणूंची परस्परसापेक्ष मांडणीही निर्णायक असते, हे या गणनांतून पुढे आले.

पदार्थ तयार करण्याची रीत या कामाचा गाभा आहे. नॅनोनलिका बनवण्याच्या रूढ पद्धतीत लोह, निकेल किंवा कोबाल्ट यांचे कण उत्प्रेरक म्हणून लागतात आणि ते शेवटपर्यंत नमुन्यात थोडेफार उरतात. मग साठवलेला हायड्रोजन कार्बनचा की धातूचा, असा वाद उद्भवतो. चेन्नईतील गटाने साच्याची पद्धत स्वीकारली. ॲल्युमिनाच्या पातळ पटलात एकमेकांना समांतर अशी असंख्य सूक्ष्म रंध्रे असतात. त्या रंध्रांत एखाद्या बहुवारिकाचे, म्हणजे दीर्घ साखळीच्या सेंद्रिय पदार्थाचे द्रावण भरायचे, ते निष्क्रिय वायूत तापवून त्याचा कार्बन करायचा आणि अखेरीस ॲल्युमिना आम्लात विरघळवून काढून टाकायची. रंध्राच्या आकाराची कार्बनी नळी मागे उरते. बहुवारिकाच्या रेणूतच नायट्रोजन असेल, जसा तो पॉलिव्हिनिलपायरोलिडोनमध्ये असतो, तर त्याचा काही भाग तयार होणाऱ्या जाळीत आपोआप बसतो. धातूचा उत्प्रेरक या रीतीत लागतच नाही, त्यामुळे आधीच्या वादातील एक मोठी शंका प्रयोगाच्या आखणीतच दूर होते. सेंद्रिय पूर्वद्रव्य काळजीपूर्वक निवडून अंतिम कार्बनचे गुणधर्म ठरवायचे, हा विचार या सबंध कारकिर्दीतील सर्वांत टिकाऊ योगदान मानावा लागेल.

साठवणुकीचे निष्कर्ष मात्र मर्यादित राहिले. विजातीय अणूंमुळे शुद्ध कार्बनपेक्षा सुधारणा दिसली, पण वाहनासाठी लागणारे उद्दिष्ट गाठले गेले नाही. शंकरन, विश्वनाथन आणि श्रीनिवास मूर्ती यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधाचे शीर्षकच, बोरॉनयुक्त नॅनोनलिका हायड्रोजन साठवणुकीसाठी कितपत योग्य आहेत, अशा प्रश्नाच्या रूपात आहे. ज्या क्षेत्रात दहा वर्षे मोठमोठ्या आकड्यांची स्पर्धा चालली होती तेथे शीर्षकातच शंकेला जागा ठेवणे, ही शास्त्रीय शिस्तीची खूण म्हणावी लागेल.

स्पिलओव्हरचा वाद

विजातीय अणूंच्या कल्पनेशी आणखी एक कल्पना जोडलेली आहे. प्लॅटिनमसारख्या धातूवर हायड्रोजनचा रेणू तुटतो आणि सुटे अणू धातूवरून ओसंडून शेजारच्या आधारद्रव्यावर पसरतात. या घटनेला स्पिलओव्हर म्हणतात. प्लॅटिनम मिसळलेला टंगस्टन ऑक्साइड खोलीच्या तापमानालाच हायड्रोजनमुळे निळा पडतो, हे १९६४ साली नोंदले गेले आणि घटनेचे अस्तित्व मान्य झाले. राल्फ यांग यांच्याच गटाने पुढे असा दावा केला की, या मार्गाने कार्बनी आणि धातू-सेंद्रिय जाळीच्या पदार्थांत खोलीच्या तापमानाला सुमारे ४ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन साठवता येतो. अन्य प्रयोगशाळांना या आकड्यांची पुनरावृत्ती करता आली नाही.

या वादात आज तीन भूमिका दिसतात. पहिली भूमिका स्पिलओव्हरवर आधारित साठवणूक शक्य मानणाऱ्यांची. त्यांच्या मते धातू आणि कार्बन यांच्यातील सांधा नीट जुळला तरच परिणाम दिसतो, म्हणून तो प्रत्येक प्रयोगशाळेत दिसत नाही. दुसरी भूमिका रॉएल प्रिन्स यांनी २०१२ साली लिहिलेल्या विस्तृत समीक्षेत मांडली गेली: ज्या आधारद्रव्यातील धातूचे आयन इलेक्ट्रॉन स्वीकारू शकतात तेथेच स्पिलओव्हर सुस्पष्ट असतो, दोषरहित कार्बनवर सुटा हायड्रोजन अणू मुक्तपणे हिंडणे ऊर्जेच्या दृष्टीने परवडणारे नाही. २०१७ साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी टायटॅनियम ऑक्साइडवर हा अणू दूरवर जातो आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडवर अगदी थोडे अंतर जातो, असे अचूक मांडणीच्या नमुन्यांवर दाखवले. त्याने या दुसऱ्या भूमिकेला बळ मिळाले. चेन्नईतील मांडणी तिसरी ठरते. तिच्यानुसार धातू नव्हे, तर जाळीत बसलेला विजातीय अणूच हायड्रोजनला सक्रिय करतो आणि त्याच्या शेजारचे सदोष कार्बन अणू त्याला सामावून घेतात. प्रिन्स यांचा आक्षेप दोषरहित कार्बनपुरता असल्याने ही मांडणी त्याने थेट खोडली जात नाही. परंतु तिच्या बाजूचा निर्णायक प्रायोगिक पुरावाही उपलब्ध नाही. गणनांतील आदर्श जाळी आणि भट्टीतून निघालेला प्रत्यक्ष कार्बन यांत अंतर असते, आणि प्रत्यक्ष नमुन्यात विजातीय अणू नेमके कोठे बसले हे ठरवणे अजूनही कठीण आहे.

टाकीकडून विद्युतअग्राकडे

साठवणुकीत अपुरे पडलेले हेच पदार्थ इंधनघटांत उपयोगी ठरले. इंधनघटात हायड्रोजन किंवा मिथेनॉल न जळता, विद्युतरासायनिक क्रियेने थेट वीज देतो. त्यासाठी दोन विद्युतअग्रे, त्यांवर प्लॅटिनमचे कण आणि मध्ये प्रोटॉन वाहून नेणारे पटल लागते. प्लॅटिनम महाग असल्याने त्याचे कण जितके लहान आणि जितके सुटे राहतील तितका खर्च कमी होतो. टी. मय्यळगन, विश्वनाथन आणि यू. व्ही. वरदराजू यांनी २००५ साली नायट्रोजनयुक्त नॅनोनलिकांवर प्लॅटिनम बसवून मिथेनॉलच्या ऑक्सिडीकरणासाठी विद्युतअग्रे तयार केली. जाळीतील नायट्रोजन प्लॅटिनमच्या कणांना जागच्या जागी धरून ठेवतो, त्यामुळे ते एकमेकांना चिकटून मोठे होत नाहीत आणि सक्रियता वाढते, असा या कामाचा निष्कर्ष होता.

चार वर्षांनी, २००९ साली, अमेरिकेतील लिमिंग दाई यांच्या गटाने नायट्रोजनयुक्त नॅनोनलिका प्लॅटिनमविनाही ऑक्सिजनची विद्युतरासायनिक क्रिया घडवतात, असे दाखवले आणि धातूविरहित उत्प्रेरकांचे एक नवे क्षेत्र उभे राहिले. त्यातही लगेच तोच जुना वाद उद्भवला: सक्रियता खरोखर नायट्रोजनची, की नमुन्यात उरलेल्या अत्यल्प लोहाची? लोह, नायट्रोजन आणि कार्बन एकत्र असलेले पदार्थ अतिशय सक्रिय असतात, हे आता सर्वमान्य आहे. धातूचा अंशही नसताना आम्लयुक्त माध्यमात किती सक्रियता उरते, याबद्दल मतभेद कायम आहेत.

चेन्नईतील इतर संस्थांनी हा धागा आपापल्या परीने पुढे नेला. अड्यार येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्था १९४८ पासून चर्मोद्योगासाठी काम करते, आणि कातडी कमावताना उरणाऱ्या कचऱ्यातील कोलॅजेन या प्रथिनात नायट्रोजन मुळातच असतो. तेथील पी. तणिकैवेलन आणि अमेरिकेतील राइस विद्यापीठाचे पुलिकल अजयन यांच्या गटांनी २०१२ साली अशा कोलॅजेनपासून नायट्रोजनयुक्त कार्बन बनवला आणि तो ऊर्जा साठवणाऱ्या विद्युतअग्रांसाठी वापरता येतो असे दाखवले. आयआयटी मद्रासच्या भौतिकशास्त्र विभागातील एस. रामप्रभू यांच्या प्रयोगशाळेने नॅनोनलिका आणि ग्रॅफीन यांवर हायड्रोजन साठवणुकीचे दीर्घकाळ काम केले. २०२३ साली याच गटाने समुद्राच्या पाण्याचे थेट विद्युतअपघटन करून हायड्रोजन मिळवण्यासाठी क्षरण न होणाऱ्या कार्बनी आधाराची विद्युतअग्रे आणि सेल्युलोजवर आधारित विभाजक विकसित केल्याचे जाहीर केले. एक किलो हायड्रोजनसाठी किमान ९ लिटर शुद्ध पाणी लागते; २०१९ च्या उन्हाळ्यात तीव्र पाणीटंचाई अनुभवलेल्या आणि मिंजूर व नेम्मेली येथील निःक्षारीकरण प्रकल्पांवर अवलंबून असलेल्या शहरात या संशोधनाला असलेले महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही.

इंधनघटातील प्रोटॉनवाहक पटलाच्या बाबतीत परिस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. सर्वाधिक वापरले जाणारे नाफिऑन हे फ्लोरिनयुक्त बहुवारिक टिकाऊ आहे, पण महाग आहे. शिवाय त्याच्या वर्गातील फ्लोरिनयुक्त पदार्थ निसर्गात विघटित होत नसल्याने २०२३ साली युरोपातील पाच देशांनी त्यांवर व्यापक निर्बंधांचा प्रस्ताव मांडला. फ्लोरिनविरहित सेंद्रिय पटले उपलब्ध आहेत, परंतु त्यांचे आयुष्य आणि कोरड्या अवस्थेतील प्रोटॉनवहन अजून समाधानकारक नाही.

पर्यायी मार्ग

कार्बनखेरीज इतर मार्गांची स्थिती थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. धातूंच्या हायड्राइडांत लँथॅनम-निकेल मिश्रधातू खोलीच्या तापमानाला उत्तम काम करते, मात्र वजनाच्या सुमारे १.४ टक्केच हायड्रोजन धरते, मॅग्नेशियम ७.६ टक्के धरते, पण सोडण्यासाठी सुमारे ३०० अंश तापमान मागते. बनारस हिंदू विद्यापीठातील ओंकारनाथ श्रीवास्तव यांनी हायड्राइडवर चालणारी दुचाकी प्रत्यक्ष चालवून दाखवली होती. श्रीनिवास मूर्ती यांच्या आयआयटी मद्रासमधील कामाने हायड्राइडांचा उपयोग उष्णतापंपांसारख्या स्थिर यंत्रांत अधिक किफायतशीर ठरेल, या दिशेला बळ दिले, आणि वजनाची अडचण पाहता हा विचार सयुक्तिक आहे.

द्रव सेंद्रिय वाहक हा दुसरा मार्ग महाराष्ट्राशी संबंधित आहे. टोल्युइनमध्ये हायड्रोजन जोडला की मेथिलसायक्लोहेक्झेन बनते, त्यात वजनाच्या ६ टक्क्यांहून थोडा अधिक हायड्रोजन असतो, आणि ते पेट्रोलप्रमाणे साध्या टँकरमधून नेता येते. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेतील राजेश बिनीवाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या द्रवातून हायड्रोजन पुन्हा सोडवणाऱ्या उत्प्रेरकांवर काम केले आहे. जपानने २०२० साली ब्रुनेईहून याच द्रवाच्या रूपाने हायड्रोजन समुद्रमार्गे आणला. हायड्रोजन सोडवताना दर मोलला सुमारे ६८ किलोज्यूल उष्णता आणि ३०० अंशांहून अधिक तापमान लागते, ही या मार्गाची मोठी उणीव आहे.

प्रत्यक्ष वाहनांत मात्र दाबाच्या टाक्यांनीच बाजी मारली आहे. पुण्यात केपीआयटी आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांनी २०२० साली चाचणी घेतलेली इंधनघटाची मोटार, अशोक लेलँडने रिलायन्ससह २०२३ साली सादर केलेला हायड्रोजन-ज्वलनाचा ट्रक आणि चेन्नईच्या पेरंबूर येथील रेल्वे डबा कारखान्यात जुलै २०२५ मध्ये चाचणी झालेला १२०० अश्वशक्तीचा हायड्रोजन-शक्तिडबा, या सर्वांत हायड्रोजन दाबाखालील वायूच्या रूपातच भरला जातो. राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला ४ जानेवारी २०२३ रोजी १९,७४४ कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजुरी मिळाली आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे लक्ष्य ठरले. उत्पादनाचे लक्ष्य अशा रीतीने नेमके आहे. साठवणुकीच्या पदार्थांकडे मात्र त्या तुलनेत कमी लक्ष दिले जात आहे.

अनिर्णित प्रश्न

खोलीच्या तापमानाला कार्बनमध्ये हायड्रोजन साठवण्याचा प्रश्न सुटलेला नाही, तसेच तो अशक्य असल्याचेही सिद्ध झालेले नाही. दर मोलला १५ किलोज्यूलच्या आसपासची पकड देणारी विजातीय अणूंची मांडणी तत्त्वतः संभवते. ती कोणत्या सेंद्रिय पूर्वद्रव्यातून आणि किती तापमानाला मिळेल, हे ठाऊक नाही. वजनाच्या टक्केवारीवरच सारी चर्चा चालते आणि आकारमानाचा हिशेब मागे पडतो, ही आणखी एक त्रुटी आहे, कारण हलका, भुसभुशीत कार्बन वजनाने चांगला दिसला तरी टाकीत फार जागा अडवतो. हजारो वेळा भरून-सोडून घेतलेल्या चाचण्यांच्या नोंदी फारच थोड्या आहेत.

आधी पाहिलेला मोजमापाचा प्रश्न मात्र भारतातच आणि आजच सोडवता येण्यासारखा आहे. एकच नमुना अनेक देशांतील प्रयोगशाळांना देऊन त्यांच्या निष्कर्षांची तुलना करणारा आंतरराष्ट्रीय उपक्रम २०१९ साली प्रसिद्ध झाला, आणि काळजीपूर्वक ठरवलेली कार्यपद्धती पाळल्यास आकडे जुळू शकतात हे त्यातून दिसले. आयआयटी मद्रास, चर्म संशोधन संस्था, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि नागपूरची पर्यावरण संस्था या चार ठिकाणी साठवणूक आणि इंधनघट यांसाठी लागणारी साधने व माणसे आहेत. कोणत्याही नव्या पदार्थाचा आकडा जाहीर होण्यापूर्वी त्याचा नमुना यांपैकी किमान एका दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासला जाईल, असा नियम या संस्थांनी आपसांत ठरवून घ्यावा आणि त्यासाठीचा खर्च हरित हायड्रोजन अभियानाने उचलावा.